‘सबब’ खोडणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या तहसील कचेरीसमोर, पत्र्याच्या शेडखाली, माझ्या नेहमीच्या टेबलाशी बसून एका गृहस्थांच्या शिधापत्रिकेतील नावदुरुस्तीचा अर्ज लिहीत होतो. फोन कळंबहून, त्यांच्या धाकट्या बहिणीचा, पुष्पाताईंचा. “भाऊ, ताई गेली,” एवढेच त्या बोलल्या आणि मग फोन बराच वेळ तसाच चालू राहिला... दोघांनाही तो बंद करवेना. मी ती बातमी शेडखालच्या मंडळींना सांगितली. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ताईंनी वीस-बावीस वर्षे लोकांचे रक्त तपासले होते, त्यामुळे सगळेच हळहळले. आणि हळहळून झाल्यावर, घटकाभरातच, बोलणे नेहमीच्या वाटेला लागले. चहावाले नामदेव म्हणाले की ताई कोरा चहा लई प्यायच्या, त्यानेच पोटात गाठ धरली असणार. शेजारचे मुद्रांकविक्रेते म्हणाले, चहाचे काही नाही, एकटी बाई, सकाळी रांधायचे आणि संध्याकाळी तेच शिळे खायचे, हे त्याचे फळ. ज्यांचा अर्ज माझ्या हाताखाली होता त्या गृहस्थांनी तर ताईंना कधी पाहिलेही नव्हते, तरी त्यांनी वांग्याचे नाव घेतले. मग तिघांनीही माझ्याकडे पाहिले. या शेडखाली शेवटचा शब्द माझा मानला जातो, हे येथे नमूद करणे भाग आहे.

“तुमी सांगा राव,” नामदेव म्हणाले. “तुमचं येणंजाणं व्हतं. कशानं झालं?”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

सही करायची विसरलेल्या माणसाकडे पाहावे तसे ते माझ्याकडे पाहत राहिले. तीस वर्षांत माझ्या तोंडून हे शब्द त्यांनी प्रथमच ऐकले असावेत. ते मी ताईंकडून शिकलो. ते शिकताना माझ्या घरातल्या माणसाला काय भोगावे लागले, त्याची हकीकत ताईंना जाऊन सहा आठवडे झाल्यानंतर लिहिण्यास बसलो आहे.

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. शाळा नववीत सुटली. भाषा मात्र मी सोडली नाही. ‘उपरोक्त’, ‘तदनुषंगाने’, ‘विनंती अर्जदार’ हे शब्द मी कचेरीच्या जुन्या कागदांवरून एकेक करून उचलले आणि घासूनपुसून वापरात ठेवले. एका प्रांतसाहेबांनी माझा एक मसुदा वाचून हा कोणत्या वकिलाने केला म्हणून भर कचेरीत चौकशी केली होती. माझ्या हातचा अर्ज परत येत नाही, हे वाक्य मी घरी आणि बाहेर इतक्या वेळा उच्चारले आहे की माझ्या पत्नीला, मंगलला, ते पाठ झाले होते. त्याचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

ताई प्रथम माझ्याकडे आल्या त्या प्रयोगशाळेतला फ्रीज बंद पडला म्हणून. त्या स्वतः शिकलेल्या, सरकारी नोकरीत, मग माझ्याकडे कशाला, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “मला मराठी येतं. साहेबाचं मराठी येत न्हाई.” हे उत्तर मला आवडले. मी तब्येतीने दीड पान लिहिले. सदर प्रशीतक नादुरुस्त झाल्याने रुग्णांच्या अपरिमित हालअपेष्टा होत असून जनतेत तीव्र असंतोष पसरला आहे, सबब... येथपर्यंत मी त्यांना वाचून दाखवले, तोच त्यांनी माझ्या खिशातले पेन काढून घेतले आणि उभ्या उभ्या माझ्या अर्जावर काट मारायला सुरुवात केली. असा प्रकार माझ्या बाबतीत पूर्वी घडला नव्हता.

“असंतोष कुठं पसरलाय?” त्या म्हणाल्या. “फ्रीज बंद हाये हे माझ्याबिगर कुणाला ठावबी न्हाई. हे बगा भाऊ, तपासायची औषधं गरम झाली की आकडा चुकतो. अन् चुकीच्या आकड्यावर मानूस गोळी वाढवतो, न्हाईतर सोडतो. येवढंच लिवा.”

दीड पानाच्या चार ओळी उरल्या. फ्रीज आला. ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी माझ्या जशाच्या तशा राहिल्या होत्या, त्यांचाही त्यात वाटा असावा, असे मी त्यांना नंतर सुचवले. त्यांनी ते नाकारले नाही. “असंल,” म्हणाल्या.

तेव्हापासून त्या संध्याकाळी कळंबच्या गाडीची वाट बघताना माझ्या टेबलाशी बसू लागल्या. त्यांचे वडील गवंडी होते. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या माणसाची लेक आहे, असे त्या ताठ मानेने सांगत. चौदा एप्रिलला आम्ही उभयता कळंबला त्यांच्या घरी जेवायला जाऊ लागलो आणि दिवाळीला त्या आमच्या वस्तीवर येऊ लागल्या. त्यांनी लग्न केले नव्हते. का, हे मी कधी विचारले नाही, त्यांनी कधी सांगितले नाही. मंगलला मधुमेह निघाला तोही त्यांच्याच प्रयोगशाळेत. तो आकडा त्यांनी मला चिठ्ठीवर न देता घरी येऊन सांगितला, आणि मंगलचा हात हातात घेऊन म्हणाल्या, रोज गोळी आणि महिन्याला माझी गाठ, बाकी काही जगावेगळे करायचे नाही. मंगल ते इमानाने पाळत होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती उपाशीपोटी दवाखान्यात जायची, आणि रक्त देऊन झाल्यावर दोघी प्रयोगशाळेतल्या बाकावर बसून मंगलने नेलेली चपाती-भाजी खायच्या.

अशात आमच्या भागात एक आहारमार्गदर्शक येऊ लागले. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण ते लबाड नव्हते. स्वतः आधी जाडजूड आणि दमेकरी, नंतर सडसडीत झालेले, डोळ्यांत चमक असलेले गृहस्थ. सकाळी नाचणीच्या आंबिलातून हिरड्याचे चूर्ण घ्यायचे, गहू आणि दूध वर्ज्य, आणि एकेचाळीस दिवसांत गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद, असे त्यांचे पथ्य होते. लोकांना गुण येत होता. ज्यांना गुण आला त्यांची अनुभवपत्रे छापून एक पुस्तिका काढायची, आणि ती सरकारी नमुन्यासारखी भारदस्त दिसावी, म्हणून ते माझ्याकडे आले. तालुक्यात या कामाला दुसरा माणूस नाही, हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. मी त्यांना एक मसुदा बसवून दिला, तो असा: मी खाली सही करणार, मला अनेक वर्षांपासून मधुमेहाचा विकार होता, सदर आहार सुरू केल्यापासून माझी साखर उतरली, सबब मला या आहाराने गुण आला आहे, हे मी राजीखुशीने लिहून देत आहे. चाळीस माणसे माझ्या टेबलाशी येऊन बसली. प्रत्येकाची हकीकत ऐकून मी या साच्यात ओतली. रात्री जेवताना त्यांतली निवडक पत्रे मंगलला वाचूनही दाखवली. ती ताट पुढ्यात घेऊन ऐकत राहायची. मला वाटायचे, माझी भाषा ऐकते आहे.

पुस्तिका छापून आली. आतल्या पानावर ‘शब्दांकन’ असे लिहून खाली माझे नाव होते. दुसऱ्याच दिवशी दुपारी मी ती घेऊन ताईंच्या प्रयोगशाळेत गेलो. त्यांचा डबा उघडा होता. त्यात नाचणीची भाकरी पाहून मी हर्षभरित झालो आणि म्हणालो, बघा, तुम्हीही याच वाटेवर. “मला आवडती म्हणून खाते,” त्या म्हणाल्या, आणि जेवता जेवता पुस्तिका वाचू लागल्या. काही पत्रांसोबत रक्ताच्या दोन-दोन चिठ्ठ्या छापल्या होत्या, आधीची आणि नंतरची. त्या ताईंच्याच हातच्या होत्या. एका चिठ्ठीवर त्यांचे बोट थांबले.

“हा बबन. पहिल्या टायमाला भाचीच्या लग्नातनं थेट इकडं आला व्हता, जिलबी खाऊन. मी कोपऱ्यात लिवलंय बगा, जेवणानंतर. अन् दुसऱ्या टायमाला एकादशी धरून आला, निरंकार. जेवलेल्या मानसाचा आकडा उपाशी मानसापेक्षा मोठाच येनार की.”

मी म्हणालो, एका बबनचे सोडा. चाळीस माणसे खोटे बोलतील काय? त्या म्हणाल्या की खोटे कुणीच बोलत नाही. मग त्यांनी विचारले, हे चाळीस कोण? मी म्हणालो, ज्यांना गुण आला ते. “मंग ज्यांनी चूर्ण घेतलं अन् गुण आला न्हाई, ते कुटं हायेत?” मी म्हणालो, ते माझ्याकडे कशाला येतील? अनुभवपत्र द्यायला बरा झालेलाच माणूस येतो, हे उघड आहे. त्यांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. माझे हे उत्तर किती भयंकर होते, ते मला त्या वेळी कळले नाही. त्या म्हणाल्या, ह्यातले निम्मे लोक गोळ्या घेतच होते, त्या मीच डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर पाहिल्यात. काहींनी चूर्णाच्या नादाने चहातली साखर सोडली, चालायला लागले. मग उतरलेल्या आकड्याचा धनी नक्की कोण? चूर्ण, गोळी, चालणं, का एकादशी? “मला ठाव न्हाई,” त्या म्हणाल्या. “चूर्णानं झालंबी असंल. पण ठाव नसताना तुमी ‘सबब’ कसा लिवला?”

आता ‘सबब’ हा शब्द माझ्या धंद्याचा कणा आहे. वर हकीकत, खाली मागणी, आणि दोहोंना जोडणारा हा एक शब्द. पाऊस पडला नाही, सबब सारा माफ व्हावा. आजारी होतो, सबब हजर राहू शकलो नाही. तो शब्द लिहिला की वरचे खालच्याला आपोआप लागू होते, असे मी इतकी वर्षे धरून चाललो होतो. मी तसे त्यांना समजावून सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडं सबब सांगणं म्हणजे थाप मारणं. तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हणालो, “ताई, तुम्ही नळकांडी हलवा. भाषेतले तुम्हाला काय कळते?”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि अर्ध्या भाकरीवर डब्याचे झाकण लावले.

पुढचे दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. संध्याकाळी त्यांच्या गाडीची वेळ झाली की मी खुर्ची फिरवून कचेरीकडे तोंड करून बसत असे. त्या येत, टेबलापाशी क्षणभर थांबत, आणि स्टँडकडे जात. नामदेवांनी एकदा विचारले, बहीण-भावाचं वाटप झालं का काय? मी पुढचा अर्ज ओढून घेतला.

त्या दोन महिन्यांत माझ्या घरात काय घडत होते याचा मला पत्ता नव्हता. तो ताईंना लागला, आणि तोही केवळ एका गोष्टीवरून. महिन्याचा पहिला आठवडा उलटला आणि मंगल आली नाही. पुढच्या महिन्यातही आली नाही. मी भांडलो म्हणून हिलाही पाठवत नसेन, असे कुणीही धरून चालले असते. ताईंनी धरले नाही. एका शनिवारी दुपारी त्या साखर मोजण्याचे छोटे यंत्र पिशवीत घालून आमच्या वस्तीवर चालत आल्या. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या आणि मंगलचा उजवा पाय त्यांच्या मांडीवर होता. पायाला बांधलेला कपडा सोडलेला होता. करंगळी काळी पडली होती. शेतात दगड लागला होता, महिना झाला, म्हणाली. मला सांगितले नव्हते. तिने गोळ्या कधीच बंद केल्या होत्या आणि ती रोज सकाळी आंबिलातून चूर्ण घेत होती. वजन उतरले होते, तहान लई लागायची, पण पुस्तिकेतल्या एका पत्रात वजन उतरल्याचे लिहिले होते, म्हणून ती खुशीत होती.

“वैनी, गोळ्या कुणाला इचारून सोडल्या?” ताईंनी विचारले. आवाज अगदी हळू होता.

मंगलने फडताळातून पुस्तिका काढली. तिच्या कडा तेलकट झाल्या होत्या. तिला वाचता येते, पण जुळवून जुळवून. ती सगळी चाळीस पत्रे तिने तशी वाचून काढली होती. आतल्या पानावरच्या माझ्या नावावर बोट ठेवून ती म्हणाली, “ह्यांनी लिवलंय की. ह्यांचं लिवलेलं कलेक्टरसुदीक मानतो. परत येत न्हाई कधी. मंग मी काय साहेबापेक्षा मोठी हाये?”

मी दारात उभा होतो. हातात पिशवी होती... ती खाली ठेवायचे मला सुचले नाही. ताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या आता बोलतील, असे मला वाटले. त्यांना बोलण्याचा पूर्ण अधिकार होता. त्या म्हणाल्या, “भाऊ, गाडी बगा. आत्ताच्या आत्ता मंचरला जायचंय.” त्या दिवशीच नव्हे, त्यानंतर कधीही त्या पुस्तिकेबद्दल त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. पाय वाचला. करंगळी काढावी लागली. दवाखान्यातल्या त्या नऊ दिवसांत ताई कळंबहून रोज येत होत्या, आणि मंगलने गोळी घेतली की ‘घेतली’ असे तिच्या तोंडून वदवून घेत होत्या. मंगल शुद्धीवर आल्यावर मला पहिले वाक्य बोलली ते असे, की पत्रे चुकीची नसतील, माझेच पथ्य कुठेतरी मोडले असेल. मी बाहेर व्हरांड्यात गेलो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्या शब्दांवर असा विश्वास ठेवणारे माणूस मला आयुष्यात दुसरे मिळालेले नाही, आणि तिला मी काय दिले होते.

मंगल घरी आल्यावर मी ताईंना म्हणालो, मला त्या चाळीस जणांकडे जायचे आहे. त्या म्हणाल्या, चाळीसांकडे जाऊ, पण जे तुमच्याकडे आले नाहीत त्यांच्याकडे आधी. मार्गदर्शकांकडून त्यांनी चूर्ण नेणाऱ्यांची नावे मागून घेतली. त्या गृहस्थांनी ती विनातक्रार दिली, त्यांना लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. मग आम्ही कित्येक रविवार माझ्या स्कूटरवर हिंडलो. जुन्नर तालुक्यात लेण्याद्रीच्या अलीकडच्या गावांपासून इकडे पार आहुप्यापर्यंत. ताई प्रत्येकाला तेच विचारायच्या, गोळी घेत होता का, किती दिवस घेतले, मध्ये सोडले का, रक्त उपाशी दिले का जेवून. कुणी चूर्ण चार दिवसांत फेकून दिले होते. कुणाला खरोखरच बरे वाटत होते आणि का वाटते ते सांगता येत नव्हते. दोन घरांत चूर्ण घेणारा माणूसच उरला नव्हता... तिथे ताई काही न विचारता पाणी पिऊन उठल्या. आहुप्याला एका म्हातारीने आम्हाला अंगणात बसवले. हिरडा गोळा करण्यात तिचे आयुष्य गेले होते. तिने आमचे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “पावणं, हिरडा आमीच येचतो. नाचणी आमच्याच वावरातली. गहू म्या लगीन झाल्यावर पयल्यांदा खाल्ला. मंग ही शुगर मलाच का झाली वं?” ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हातारीही हसली आणि म्हणाली की चूर्ण घेऊन पाहिले, पोट साफ झाले, तेवढे खरे.

शेवटी आम्ही मार्गदर्शकांकडे गेलो. ताईंनी वही उघडून एकेक नोंद वाचून दाखवली. ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, पण ताई, मला स्वतःला गुण आलाय हो. मी काही बोलणार होतो, ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. “आला असंल,” त्या म्हणाल्या. “तुमी बरे झालात ते डोळ्यांनी दिसतंय. कशानं झालात ते मला ठाव न्हाई, तुमालाबी ठाव न्हाई. लोकांना आंबील पाजा, गोळी सोडा म्हनू नका.” मार्गदर्शकांनी पुढच्या छपाईत गोळ्या बंद करण्याची ओळ काढली. पुस्तिका आजही निघते. आमच्या हातून झाले ते एवढेच.

माझे नाव काढून घेण्यासाठी मला स्वतःचा खुलासा लिहावा लागला. आयुष्यातला तो सर्वांत अवघड कागद. मी तीन पाने लिहिली. अनवधानाने, सद्हेतूने, परिस्थितीच्या रेट्यामुळे... ताईंनी माझ्या टेबलाशी बसून ती वाचली आणि पेन मागितले. उरले ते असे: ‘ही पत्रे मी लिहिली. आहाराने साखर उतरली की नाही, हे मला माहीत नव्हते. तरी उतरली असे लिहिले. गोळ्या बंद करू नका.’ खाली सही. तो कागद मी शेडच्या खांबाला चिकटवला. लोक वाचून हसले. काही गिऱ्हाईक तुटले, ते परत यायला दोन वर्षे गेली. मंगल काठी टेकत येऊन तो कागद वाचून गेली. बराच वेळ वाचत होती. जाताना म्हणाली, “अक्षर चांगलं आलंय.”

निवृत्त झाल्यावर ताई कळंबलाच राहत होत्या. गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. उपचार चालू होते, पण दुखणे फार पुढे गेले आहे हे त्यांनी आपल्या रिपोर्टवरून आमच्या आधी ओळखले होते. आणि मग त्यांच्या घरी लोकांची रीघ लागली. ज्यांचे रक्त त्यांनी आयुष्यभर काढले ते सगळे काहीतरी घेऊन येऊ लागले. कुणी गव्हांकुराचा रस, कुणी पपईच्या पानांचा अर्क, कुणी काळ्या शेळीचे दूध, कुणी कुठल्याशा बियांची पुडी, आणि प्रत्येकजण सांगायचा की अमक्याला याने गुण आला. मी मनात म्हणायचो, आता ताई विचारतील, उपाशी की जेवून. त्या विचारत नव्हत्या. हात पुढे करून घेत होत्या आणि देणाऱ्याच्या पोराबाळांची चौकशी करत होत्या.

आता एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. इतके सगळे झाल्यानंतर, खांबाला तो कागद चिकटवल्यानंतरही, मोबाईलवर कुठल्याशा रानपाल्याचा मजकूर आला आणि मी तो दोनदा वाचला. मग आहुप्याच्या गाडीत बसलो, त्या म्हातारीच्या घरी गेलो, पाला ओळखून घेतला, सावलीत वाळवला आणि पुडी करून कळंबला नेला. ताई खाटेवर होत्या. फार वाळल्या होत्या. पुडी त्यांच्या उशाशी ठेवताना मला मान वर करवेना.

“कुणी सांगितलं?” त्यांनी विचारले.

“मोबाईलवर आलं होतं,” मी म्हणालो.

त्यांना हसू आले. हसताना पोट दुखत होते, म्हणून त्यांनी तळहाताने ते दाबून धरले. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “ह्या पाल्याचं मला काय ठाव न्हाई. तुमी माज्यासाठी डोंगर चढून गेला, येवढं मात्र मला आत्ता दिसतंय. त्याला तपासायची गरज न्हाई. ठेवा तितं.” मग डोळे मिटून, थोड्या वेळाने, “वैनीची गोळी चालू हाये ना?” मी म्हणालो, चालू आहे. “तुमी बगता का ती सांगती?” मी म्हणालो, ती सांगते. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. तेच आमचे शेवटचे बोलणे.

जलदानविधीला मंगल आणि मी कळंबला गेलो. वंदना झाली, जेवणे झाली, आणि मंडळी पांगल्यावर पुष्पाताईंनी आम्हाला ताईंच्या खोलीत नेले. खाटेसमोर एक लाकडी फळी होती. लोकांनी आणलेले सगळे त्यावर ओळीने मांडले होते, बाटल्या, पुड्या, डबे. प्रत्येकावर चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर प्रयोगशाळेत नळ्यांवर लिहीत तसे ताईंचे बारीक अक्षर. मी चष्मा लावून वाचू लागलो. औषधाचे नाव कशावरच नव्हते, रोगाचे तर नाहीच. प्रत्येकावर फक्त आणणाऱ्याचे नाव होते. बबन. नामदेव चहावाले. आहुप्याची आजी. चूर्णवाल्या त्या मार्गदर्शकांचेही होते. माझ्या पुडीवर ‘भाऊ’ एवढेच. पुडीचा दोरा सुटलेला होता आणि पाला निम्मा झाला होता. त्यांनी तो घेतला, का कुणाला दिला, का सांडला, पुष्पाताईंना सांगता आले नाही.

शेवटी एक काचेची बरणी होती. मंगलने तीत नाचणीचे सत्त्व पाठवले होते, औषध म्हणून नव्हे, ताईंच्या घशाखाली दुसरे काही उतरत नव्हते म्हणून. ती बरणी रिकामी होती, धुऊन, पुसून, झाकण लावून ठेवलेली. वर लिहिले होते, ‘मंगल’. मंगलने ती उचलून पदराने पुन्हा एकदा पुसली आणि पुष्पाताईंना विचारून पिशवीत घातली. घरी येईपर्यंत गाडीत ती मांडीवरच धरून बसली होती.

आता ती बरणी आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्याशेजारी असते आणि मंगल तीत आपल्या गोळ्यांची पाकिटे ठेवते. मूळचे झाकण कळंबला कुठेतरी हरवले. ताईंनी तिला दुसऱ्या कुठल्याशा बरणीचे झाकण बसवले होते, ते आट्यावर नीट बसत नाही, फार घट्ट होते. मंगलच्या बोटांना ते उघडत नाही. दुसरी बरणी आण म्हणून मी दोनदा सांगून पाहिले. ती ऐकत नाही. रोज सकाळी न्याहारी झाली की ती आतून हाक मारते, आणि मी हातातला अर्ज तसाच अर्ध्या ओळीवर ठेवून झाकण उघडायला उठतो.